सोयाबीनवाल्या बाई

बाई पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आल्या, तेव्हा पाटावर बसण्याआधी त्यांनी माझ्या वडिलांना तोंड उघडायला सांगितलं.

वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून देवासला आलेले. कारखान्यात फिटर होते. घरी आलेल्या बाईमाणसाशी चार शब्दांच्या वर बोलायचे नाहीत. त्यांच्या गालातली तंबाखू बाईंनी चपला काढता काढताच पाहिली. पर्समधून पेनाएवढी बॅटरी काढली आणि म्हणाल्या, "चूळ भरून यावे आणि येथे उजेडात बसावे."

आई वरणाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. शेवटी ते उठले, चूळ भरून आले आणि खुर्चीत बसून त्यांनी आ केला. बाईंनी दोन्ही गाल पाहिले, जीभ उचलायला लावून तिच्या खाली पाहिलं, हिरड्या पाहिल्या. "आज काही दिसत नाही. उद्याचे मी सांगू शकत नाही," एवढं बोलून त्यांनी हात धुतले आणि आईला म्हणाल्या, "वाढा. फार भूक लागली आहे."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "तुझी ही बाई पागल आहे का गं?"

पुढे सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तरी एका शब्दात उत्तर देता येईल असं वाटत नाही.

बाई शास्त्रज्ञ होत्या. देवासबाहेर एका बियाणं कंपनीची छोटी प्रयोगशाळा होती, तिच्या त्या प्रमुख, आणि मी सहायक. काम सोयाबीनचं. माळव्यात सोयाबीनवर पिवळा रोग येतो. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि हिरवं शेत पिवळं पडतं. कुठल्या वाणात या रोगाला तोंड देण्याची ताकद आहे, हे शेतात पेरून कळायला हंगाम जातो. आम्ही ते कोवळ्या पानातला डीएनए काढून दोन दिवसांत सांगायचो.

त्याआधी बाई मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगावर काम करत होत्या. गाठीतला डीएनए वाचायचा, त्याच माणसाच्या रक्तातला वाचायचा, आणि दोन्हींत कुठे फरक पडला ते शोधायचं. मी एकदा विचारलं, "बाई, माणसांचं सोडून तुम्ही सोयाबीनमध्ये कशा आल्या? किती वेगळं काम."

"काम तेच गं. मजकूर वाचावयाचा. फरक इतकाच की माणसाचा वाचून होईस्तोवर पुष्कळदा माणूस राहात नाही."

एवढं बोलून त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकात शिरल्या.

त्या धारच्या. घराण्यातलं कुणीतरी एके काळी दरबारात लिहिण्याच्या कामावर होतं. दरबार गेला, भाषा राहिली. कंपनीत सगळे त्यांना 'मॅडमजी' म्हणायचे. मला पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तू मराठी आहेस ना? मग मला बाई म्हण." माझी पंचाईत झाली. देवासला बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. मी आठवडाभर काहीच म्हटलं नाही, नुसती खाकरायची. आठव्या दिवशी त्यांनी खोकल्याची गोळी आणून दिली, तेव्हा कुठे माझ्या तोंडून 'बाई' निघालं.

माझी शाळा हिंदी. मराठी घरात बोलायची, वाचायची वेळ कधी आलीच नव्हती. बाईंनी प्रयोगाची वही मराठीत लिहायला लावली. "खोटे लिहावयाचे झाले तर माणूस शिकलेल्या भाषेत लिहितो. आईच्या भाषेत हात अडखळतो," असं त्यांचं म्हणणं. हे खरं आहे की नाही, मला अजून माहीत नाही. पण मी रडत रडत मराठी लिहायला शिकले. मी "मी बोलली" म्हटलं की त्या मान वर न करता "मी म्हणाले" एवढंच बोलायच्या. आज हे लिहितेय, ते त्या वहीच्या जोरावर.

त्यांचं जेवण उभ्याने. दोन पोळ्या, मध्ये लोणचं, गुंडाळी करायची आणि खिडकीशी उभं राहून खायची. सोबत शेव. माळव्यात आम्ही सगळेच शेव खातो, पण बाई शिकरणावरसुद्धा शेव घालायच्या आणि समोरच्याचा चेहरा बदलला की त्याला चमचाभर चाखायला लावायच्या. कौतुक करणं त्यांना जमत नसे. माझा एखादा प्रयोग अगदी साफ आला तर म्हणायच्या, "हं. आता पुन्हा करून दाखव."

"आठवते आहे" हा शब्द प्रयोगशाळेत बंद होता. कुणी "मॅडमजी, मुझे याद है" म्हणालं की त्यांचा हात पुढे यायचा, वही मागायला.

आणि ती बॅटरी. तिच्यापायी आम्ही किती ठिकाणी खाली माना घातल्या याला हिशेब नाही. एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामांना मांडवाबाहेर नेऊन आ करायला लावलं. मामा गुटखा खाणारे आणि वर तापट. दोन्हीकडची मंडळी धावली. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे पाहा, अक्षता मामांविना पडतील, पण मामींना मामांविना जमावयाचे नाही." मामी पुढे आल्या आणि त्यांनीच नवऱ्याला दरडावलं, "खोलो मुँह!"

बदनावरच्या मंडीतही तसंच. आम्ही सोयाबीनचे नमुने आणायला गेलो होतो. पोत्यांच्या थप्पीवर बसलेल्या एका हमालाला त्यांनी माळवी पद्धतीने भाऊ म्हणत हटकलं, "भिया, ज़रा मुँह खोलना." तो हसला, दुसऱ्यांनी त्याची टर उडवली, मग टर उडवणाऱ्यांचे नंबर लागले. अर्ध्या तासात सोयाबीन बाजूला राहिलं आणि बाईंपुढे तोंडं उघडी टाकून वीसेक माणसं रांगेत उभी. दोघांना त्यांनी इंदूरच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. परतताना मी म्हणाले, "बाई, हे आपलं काम नाही ना पण." त्या म्हणाल्या, "डोळे आपले आहेत ना?"

त्यांनी ती मोठ्या शहरातली नोकरी का सोडली, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. शीतगृह सांभाळणारे एक जुने भिया होते, ते नव्या माणसाला ही गोष्ट चहाबरोबर पाजायचे. बाईंचा कर्करोगावरचा एक मोठा शोधनिबंध छापून आला होता. नाव झालं होतं. मग जुनी माहिती चाळताना बाईंच्या लक्षात आलं की एका पुरुष रोग्याच्या नावावरच्या रक्तात पुरुषाचं गुणसूत्रच नाही. म्हणजे ते रक्त कुणा बाईचं. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या होत्या, आणि एकदोन नाही, पुष्कळ. सगळा निष्कर्ष ढासळला. "और मॅडमजी ने उसी दिन चिट्ठी लिख दी," भिया टेबलावर हात आपटून सांगायचे, "कि मेरा पेपर गलत है, वापस लो! उसी दिन!" वरिष्ठ खवळले, सहकारी तुटले, आणि बाई माळव्यात परत आल्या.

ही गोष्ट ऐकून मला त्यांचा अभिमान वाटायचा. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र तिचीच भीती वाटली.

त्या वर्षी कंपनीच्या गोदामात सोयाबीनच्या नव्या वाणांच्या पिशव्या होत्या. त्यांतल्या कुठल्या खातेगांवकडच्या शेतकऱ्यांना चाचणीसाठी द्यायच्या, हे आमच्या तपासणीवरून ठरणार होतं. मेच्या त्या आठवड्यात बाईंचे थोरले भाऊ आजारी होते, म्हणून त्या धारला. तपासणी मी एकटीने केली. नमुने भरायची एक प्लास्टिकची प्लेट असते, हाताच्या तळव्याएवढी, शहाण्णव खळग्यांची. ती यंत्रात एकाच बाजूने ठेवायची असते. मी निकाल काढला, बियाणं विभागाला पाठवला, पिशव्यांवर खुणा झाल्या.

जूनच्या शेवटी फायली लावताना तो निकाल पुन्हा हाताशी आला. प्लेटच्या शेवटच्या खळग्यात आम्ही मुद्दाम नुसतं पाणी ठेवतो, म्हणजे तिथे काहीच उमटायला नको. माझ्या कागदावर शेवटच्या खळग्यात खूण उमटली होती आणि पहिला कोरा होता. मी प्लेट उलटी लावली होती. म्हणजे पहिल्याचा निकाल शेवटच्याला आणि शेवटच्याचा पहिल्याला. जे वाण मजबूत म्हणून गेलं, ते मजबूत नव्हतं.

मी कागद फाईलमध्ये परत ठेवला.

त्या दिवशी सांगणार होते, बाई बैठकीत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी कसलंच कारण नव्हतं, तरी सांगितलं नाही. घरात माझी एकटीची पक्की नोकरी होती, वडील निवृत्त झाले होते. मला वाटायचं, कदाचित रोग यंदा येणारच नाही. कदाचित पिशव्या अजून गोदामात असतील. पाचव्या दिवशी मी मुद्दाम गोदामाकडून गेले. पिशव्या गेल्या होत्या. आठव्या दिवशी कळलं, पेरण्या उरकल्या.

नवव्या दिवशी मी बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. "बाई, मेमधली ती प्लेट मी उलटी लावली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "केव्हा कळले?"

"नऊ दिवस झाले."

त्या ओरडतील म्हणून मी दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. "नऊ," एवढंच म्हणाल्या. मग, "पाणी पी. आणि वही घेऊन ये."

पानांचे नमुने शीतपेटीत शिल्लक होते. आम्ही दोघींनी सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शंका उरली नाही. बाई मला घेऊन थेट व्यवस्थापकांकडे गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मॅडमजी, ट्रायल ही तो है. थोड़ा-बहुत तो पीला पड़ता ही है. किसको पता चलेगा?"

"मुझे पता है, इस लड़की को पता है, और अब आपको भी पता है. तीन तो हो गए."

"गलती किसकी है?"

"प्लेट मेरी लैब में उलटी लगी है," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

चाचणीचं बियाणं बाईंच्या सहीने निघायचं. त्यांनी सही केली, बरोबर वाणाच्या पिशव्या जीपमध्ये भरल्या, आणि सकाळी आम्ही खातेगांवच्या रस्त्याला लागलो. कन्नोद मागे पडलं. मग मी म्हणाले, "बाई, तिथे मी सांगते."

"तू ऐकावयाचे," त्या म्हणाल्या. "सांगण्यापेक्षा ते अवघड आहे."

गावात एका घराच्या ओट्यावर अकरा शेतकरी जमले. त्यांच्यात एक म्हातारे होते, त्यांना सगळे दाजी म्हणत. चाचणीला बाकीचे तयार झाले होते ते त्यांच्या शब्दावर. बाईंनी उभं राहून हिंदीत, एकही अवघड शब्द न वापरता सांगितलं. आम्ही दिलेलं बी चुकीचं आहे. ते पिवळं पडण्याची भीती फार आहे. बरोबर बी जीपमध्ये आहे. ज्याला पुन्हा पेरता येईल त्याने आठवड्याच्या आत पेरावं.

एकदम गलका झाला. एकाने जीपमधून उतरवलेली पिशवी लाथेने उडवली. "दो बार बोएँ? बैल तुम जोतोगी?" दुसरा म्हणाला, "शहर के लोग हमको चूहा समझते हैं." बाई उभ्या राहून ऐकत होत्या. "हमसे गलती हुई," त्या पुन्हा म्हणाल्या.

मला ते 'हमसे' सहन होईना. मी उठले. "हमसे नहीं, मुझसे. मॅडम तो उस दिन यहाँ थीं भी नहीं. और मैंने नौ दिन छुपाया."

गलका थांबला. दाजी पहिल्यांदाच बोलले, "बैठ जा, बेटी." ते तोंडाच्या एकाच बाजूने बोलत होते.

बाईंनी ते ऐकलं. आत्ता नको, आत्ता तरी नको, असं मनात म्हणेपर्यंत बॅटरी बाहेर आली होती.

"दाजी, मुँह खोलिए."

"बाई, बीज की बात करने आई हो कि दाँत गिनने?"

काही जण हसले. बाई हसल्या नाहीत. दाजींनी वैतागून आ केला. बाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अंदर सफेद चकत्ता है, और उसके बीच में घाव. कल इंदौर जाइए. परसों नहीं, कल."

"आप तो सोयाबीनवाली हो," दाजी म्हणाले आणि उठून गेले.

अकरापैकी सहा जणांनी पुन्हा पेरलं. पाच जणांनी नाही. ऑगस्टमध्ये त्या पाच शेतांवर रोग आला, आणि बाई मला घेऊन पाचही शेतांवर गेल्या. बांधावर उभं राहून पाहायला लावलं. पिवळ्या पानांवरून हात फिरवताना मी रडले, तर म्हणाल्या, "नोंद कर. किती झाडे, कोणत्या ओळीत. रडणे मागाहून."

त्या पाचांत एक शेत दाजींचं होतं. पण दाजी शेतावर नव्हते. जुलैत आम्ही बियाणं देऊन गेल्यावर चार दिवसांनी ते आपण होऊन इंदूरला गेले होते. त्यांच्या सुनेने मला ते फोनवर सांगितलं. घरच्यांनी विचारलं, या सोयाबीनवालीचं काय ऐकता, तर दाजी म्हणाले होते, "जो बाई अपणी गलती बतावा यां तक आई, वा म्हारे से झूठ क्यों बोलेगी?"

कर्करोगच निघाला. लवकर सापडला होता. गालाचा आतला भाग काढावा लागला. तो फोन ठेवण्याआधी सून म्हणाली, "मॅडमजी से कहना, खेत तो पीला पड़ गया, पर ससुरजी ने आज खिचड़ी खाई."

मी हे बाईंना सांगितलं. त्या खिडकीशी उभ्या राहून पोळीची गुंडाळी खात होत्या. त्यांनी ती डब्यात परत ठेवली, चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला.

पुढच्या वर्षी कंपनीने त्यांच्या नोकरीची मुदत वाढवली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. ते बरोबर वाण दोन वर्षांनी बाजारात आलं. माहितीपत्रकात बाईंचं नाव नव्हतं. मी रागाने ते त्यांना धारला नेऊन दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुकांवर लाल गोल केले आणि परत दिलं. हल्ली त्या धारलाच असतात. आजूबाजूचे शेतकरी पिशवीत पानं घालून त्यांच्याकडे येतात आणि पानांबरोबर स्वतःचं तोंडही दाखवून जातात.

कंपनीतून मीही निघाले. इंदूरच्या एका रुग्णालयात गाठींचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत जागा होती. मी बाईंकडे शिफारसपत्र मागितलं. त्यांनी ते बंद पाकिटात घालून परस्पर पाठवलं.

मुलाखतीला तिघं होते. मधल्या वयस्क डॉक्टरबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी मोठ्याने वाचते. तुम्हाला आक्षेप नाही ना?" पत्र इंग्रजीत होतं. त्यात माझ्या मेहनतीबद्दल, हुशारीबद्दल एक अक्षर नव्हतं. प्लेटची सगळी हकीकत होती, खळग्यांच्या क्रमांकासकट. मी खुर्चीची कड धरून बसले. ही नोकरी गेली, हे मला कळून चुकलं होतं. मग शेवटची दोन वाक्यं आली.

"आपली चूक सांगायला हिला नऊ दिवस लागले. मला माझी सांगायला चौदा महिने लागले होते."

डॉक्टरबाईंनी पत्राची घडी केली आणि विचारलं, "कधीपासून येऊ शकाल?"

मी बाहेर आले आणि जिन्यातच बाईंना फोन लावला. नोकरीचं सांगायचं विसरून गेले. म्हणाले, "बाई, चौदा महिने? सगळे तर म्हणतात त्याच दिवशी..."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सगळ्यांना मी कधी सांगावयास गेले नाही, आणि सगळ्यांनी मला विचारले नाही," त्या म्हणाल्या. मग थांबून, अगदी सावकाश, "त्या चौदा महिन्यांत माझा तो निबंध वाचून कोठल्या डॉक्टराने कोणाला काय औषध दिले असेल, हे मला आजही ठाऊक नाही गं. तुझी माणसे निदान खातेगांवात होती. जाऊन सांगता आले."